थर्टीन (ब्लॅक सॅबथचा अल्बम)

'थर्टीन' हा ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल वाद्यवृंदाचा एकोणिसावा आणि अखेरचा स्टुडिओ अल्बम आहे. तो जून २०१३ मध्ये प्रकाशित झाला. 'नेव्हर से डाय!' (१९७८) नंतर गायक ऑझी ऑझबॉर्न यांचा सहभाग असलेला हा वाद्यवृंदाचा पहिलाच स्टुडिओ अल्बम होय. निर्माते रिक रुबिन होते. विक्रीच्या दृष्टीने हा अल्बम अत्यंत यशस्वी ठरला. त्याच्या कलात्मक मूल्याविषयी मात्र मतभेद आहेत: काहींना तो मूळ शैलीचे समर्थ पुनरुज्जीवन वाटतो, तर काहींना स्वतःच्याच जुन्या गाण्यांची पुनरावृत्ती.

पार्श्वभूमी

ब्लॅक सॅबथची स्थापना १९६८ मध्ये बर्मिंगहॅम येथे झाली. ऑझी ऑझबॉर्न (गायन), टोनी आयोमी (गिटार), गीझर बटलर (बेस गिटार) आणि बिल वॉर्ड (ड्रम) हे मूळ सदस्य. १९७९ मध्ये ऑझबॉर्न यांना वगळण्यात आले. त्यानंतर आयोमी यांनी वेगवेगळे गायक व वादक घेऊन वाद्यवृंद चालू ठेवला. १९९७ पासून मूळ सदस्य मंचावर पुन्हा एकत्र येऊ लागले. २००१ मध्ये रुबिन यांच्यासह नव्या अल्बमचा प्रयत्नही झाला, परंतु तो पूर्णत्वास गेला नाही.

११ नोव्हेंबर २०११ रोजी लॉस एंजेलस येथे चारही मूळ सदस्यांनी नव्या अल्बमची व दौऱ्याची घोषणा केली. पुढील काही महिन्यांतच या योजनेला दोन धक्के बसले. जानेवारी २०१२ मध्ये आयोमी यांना लिम्फोमा हा कर्करोग झाल्याचे जाहीर झाले. उपचार इंग्लंडमध्ये चालू असल्याने रचनेचे काम तिकडे हलवावे लागले. फेब्रुवारीत वॉर्ड यांनी, देऊ केलेल्या कराराच्या अटी मान्य नसल्याचे जाहीर निवेदन केले आणि ते अल्बममधून बाहेर राहिले.

निर्मिती

ध्वनिमुद्रण प्रामुख्याने कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथील शांग्री-ला स्टुडिओत झाले. वॉर्ड यांच्या जागी रेज अगेन्स्ट द मशीन या वाद्यवृंदाचे ब्रॅड विल्क यांनी ड्रम वाजवले. रुबिन यांनी सदस्यांना १९७० चा पहिला अल्बम पुन्हा ऐकण्यास सांगितले. पुढे रूढ झालेल्या हेवी मेटलच्या संकेतांचा विसर पाडून, ब्लूजच्या पायावर एकत्र वाजवणाऱ्या चार तरुणांचा तो मोकळेपणा परत आणावा, अशी त्यांची अपेक्षा होती. या अपेक्षेतच एक अंतर्विरोध होता. पहिला अल्बम बव्हंशी एकाच दिवसात मुद्रित झाला होता आणि त्यासमोर कोणताही आदर्श नव्हता. 'थर्टीन'समोर तोच अल्बम आदर्श म्हणून ठेवला गेला.

संगीत व आशय

मूळ आवृत्तीत आठ गाणी असून त्यांतील पाच सात मिनिटांहून मोठी आहेत. बहुतेक गीते बटलर यांची आहेत. 'गॉड इज डेड?' हे जवळपास नऊ मिनिटांचे गाणे श्रद्धा आणि संशय यांतील द्वंद्वावर आधारित असून संथ सुरुवातीपासून जलद शेवटाकडे जाते. 'एज ऑफ रीझन' मधील आयोमी यांचे दीर्घ एकलवादन आणि 'डॅमेज्ड सोल' मधील ब्लूज वळणाचे गिटार व हार्मोनिका या अल्बमच्या जमेच्या बाजू मानल्या जातात. 'डिअर फादर' चा विषय धर्मगुरूकडून बालकाचे झालेले शोषण हा आहे. हे गाणे पाऊस, मेघगर्जना आणि घंटानाद यांत विरते. १९७० च्या पहिल्या अल्बमची सुरुवात याच ध्वनींनी झाली होती.

भूतकाळाशी असलेले हे नाते सर्वत्र सारखे फलदायी ठरत नाही. 'एंड ऑफ द बिगिनिंग' ची संथ सुरुवात 'ब्लॅक सॅबथ' या गाण्याची, 'लोनर' ची चाल 'एन. आय. बी.' ची, तर 'झाइटगाइस्ट' चा अंतराळातील शांत सूर 'प्लॅनेट कॅरॅव्हॅन' ची इतकी थेट आठवण देतो, की नवी रचना जुनीच्या सावलीत झाकोळते. अल्बमचे परिणामकारक भाग आहेत ते आयोमी आणि बटलर यांच्या परस्परपूरक वादनाचे.

प्रतिसाद

'थर्टीन' ने ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला. 'पॅरानॉइड' (१९७०) नंतर वाद्यवृंदाला तेथे हे स्थान प्रथमच मिळाले. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला हा त्यांचा एकमेव अल्बम असून पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे १,५५,००० प्रती विकल्या गेल्या. 'गॉड इज डेड?' ला २०१४ मध्ये सर्वोत्कृष्ट मेटल सादरीकरणाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

समीक्षकांनी आयोमी यांच्या वादनाची प्रशंसा केली. टीकेचा रोख तीन गोष्टींवर होता: जुन्या रचनांचे अनुकरण, आवाजाच्या चढउतारांना वाव न देणारे अतिशय मोठे ध्वनिसंपादन आणि वॉर्ड यांची अनुपस्थिती. विल्क यांचे वादन दमदार व नेटके असले, तरी वॉर्ड यांच्या जॅझप्रभावित, हेलकावे घेणाऱ्या लयीची उणीव त्यातून भरून निघत नाही, असे अनेकांचे मत पडले.

नंतरचा काळ

याच ध्वनिमुद्रणातील चार उर्वरित गाणी २०१६ मध्ये 'द एंड' या लघु अल्बममध्ये प्रकाशित झाली. त्याच नावाच्या निरोपाच्या दौऱ्याचा समारोप ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅम येथे झाला. त्यातही वॉर्ड नव्हते. चारही मूळ सदस्य ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममधील व्हिला पार्क मैदानावर एकत्र वाजले. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, २२ जुलै रोजी, ऑझबॉर्न यांचे निधन झाले. त्यामुळे चौघांच्या पुनर्मीलनाचा अल्बम म्हणून घोषित झालेली ही कृती तिघांचीच राहिली.