थाळनेरचा फास: 1818 च्या युद्धाबद्दलचे गैरसमज

शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर थाळनेरचा किल्ला आहे. 27 फेब्रुवारी 1818 रोजी तिथे जे घडलं त्यावर पुढच्या वर्षी लंडनच्या संसदेत चर्चा झाली. मराठ्यांविरुद्धचं ते युद्ध आपण ‘पुढचं संकट टाळण्यासाठी’ लढतोय, असं इंग्रज म्हणत होते. असं युद्ध कुणाच्या मानेवर येऊन पडतं, हे समजून घ्यायला थाळनेरसारखं उदाहरण नाही.

गैरसमज: मोहीम फक्त पेंढाऱ्यांविरुद्ध होती.

वस्तुस्थिती: पेंढाऱ्यांचा उपद्रव खोटा नव्हता. 1816 मध्ये गुंटूरकडच्या मुलखात त्यांनी शेकडो गावं लुटली, माणसं मारली, लपवलेला पैसा काढून घेण्यासाठी हालहाल केले. त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा होता. पण वीस-तीस हजार लुटारू घोडेस्वारांसाठी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जनं लाखाच्या वर फौज उतरवली. ईस्ट इंडिया कंपनीनं हिंदुस्थानात तोवर एवढं सैन्य कधी जमवलं नव्हतं. मुळात 1814 च्या फेब्रुवारीतच त्यानं आपल्या रोजनिशीत हेतू लिहून ठेवला होता: उघड जाहीर न करता का होईना, पण इंग्रज सत्ता सर्वांवर श्रेष्ठ करायची. तेव्हा गुंटूरची लूट व्हायला दोन वर्षं अवकाश होता. शिंदे, होळकर, भोसले, पेशवे उद्या एकत्र आले तर काय, ही खरी धास्ती. पेंढारी हे निमित्त होतं, आणि निमित्त खरं असलं की ते जास्त उपयोगी पडतं.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. शत्रू शस्त्र उपसून समोर आला म्हणून आधी वार करणं निराळं, आणि तो उद्या बळावेल म्हणून आजच त्याला मोडणं निराळं. 2003 मध्ये इराकवर चढाई करताना अमेरिकेनं पहिल्याची भाषा वापरून दुसरं काम केलं. हेस्टिंग्जचंही काहीसं तसंच.

गैरसमज: पहिला हल्ला मराठ्यांनीच केला, तेव्हा दोष त्यांचाच.

वस्तुस्थिती: 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीला पेशव्यांची फौज चालून गेली, हे खरं. पण जूनमध्येच दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या तहावर सही करावी लागली होती. मुलूख तर गेलाच, मराठा संघाचं प्रमुखपणही गेलं. आणि खडकीच्या त्याच दिवशी तिकडे ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांच्या तहावर सही केली, कारण हेस्टिंग्जची फौज त्यांच्या मुलखाला भिडली होती. बाजीरावाबद्दल मला फारशी सहानुभूती नाही. तरी कोपऱ्यात कोंडलेला माणूस उसळला, यावरून भांडण कुणी काढलं ते ठरत नाही.

गैरसमज: थाळनेरच्या किल्लेदाराला दगाबाजीची शिक्षा मिळाली.

वस्तुस्थिती: थाळनेर होळकरांचं. महिदपूरच्या लढाईत होळकर हरल्यावर 6 जानेवारी 1818 रोजी मंदसौरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरी मुलूख, म्हणजे खानदेशही, कंपनीकडे गेला. गादीवर मल्हारराव होते, वय अकरा. आईच्या जागी कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंची हत्या महिदपूरच्या लढाईच्या आदल्याच दिवशी झाली होती. अशा दरबारानं केलेल्या तहाच्या जोरावर जनरल टॉमस हिस्लॉप थाळनेरवर आला. किल्ल्यातून गोळीबार झाला तेव्हा त्यानं निरोप धाडला की प्रतिकार केलात तर बंडखोर समजू. कालपर्यंत धन्याचा किल्ला राखणारा तुळशीराम मामा आज बंडखोर ठरला.

इंग्रज बाहेरच्या दरवाजांपर्यंत पोचले तेव्हा किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. आतल्या दरवाजाशी अरब शिबंदीशी बोलणी चालली होती. दिंडी उघडली, काही इंग्रज अधिकारी मोजक्या शिपायांसह आत शिरले, आणि गोंधळात झटापट होऊन त्यांतले काही मारले गेले. तो दगा होता की भाषा न कळल्याचा घोटाळा, यावर इंग्रजांच्यातच एकमत झालं नाही. मग सुमारे तीनशेंची शिबंदी कापून काढली आणि संध्याकाळी किल्लेदाराला फाशी दिलं. आत झटापट झाली तेव्हा तो इंग्रजांच्याच ताब्यात होता.

मार्च 1819 मध्ये संसदेनं हेस्टिंग्ज आणि सैन्याचे आभार मानले. हिस्लॉपचे आभार मानताना मात्र थाळनेरच्या प्रकाराला ही संमती समजू नये, असं स्पष्ट केलं गेलं. त्याच्यावर खटला काही चालला नाही.

गैरसमज: अशी दहशत बसवल्यामुळेच पुढचा रक्तपात टळला.

वस्तुस्थिती: काही किल्ले न लढता मिळाले, खरंय. पण त्याच उन्हाळ्यात मालेगावच्या अरबांनी जवळजवळ महिनाभर किल्ला झुंजवला आणि इंग्रजांची शेकडो माणसं जायबंदी किंवा ठार झाली. शरण जाऊनही फास मिळतो हे कळल्यावर कोण शस्त्र खाली ठेवील? डोंगरातल्या भिल्लांचे उठाव तर पुढं कित्येक वर्षं चालले. कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यात बसून खानदेशचा कारभार पाहू लागला, तरी 1825 मध्ये धरणगावला जेम्स आउट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारावी लागली.

गैरसमज: निदान पेंढाऱ्यांना तरी शासन झालं.

वस्तुस्थिती: त्यांच्या म्होरक्यांपैकी चितू जंगलात वाघाच्या तोंडी गेला. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. पेंढाऱ्यांचा मोठा पाठीराखा अमीरखान टोंकचा नवाब झाला, त्याचं घराणं संस्थानं विलीन होईपर्यंत तिथे नांदलं. फासावर गेलेला तुळशीराम मामा पेंढारी नव्हता.