गाळणीत अडकलेले बेचाळीस हजार

आमच्या सोसायटीच्या खजिनदार बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. वय सत्तरीपुढचं. परवाच्या सभेत त्यांच्या हातातला कागद थरथरताना पाहिला आणि मला राहवलं नाही.

इमारतीच्या रंगकामासाठी चाळीस सदनिकांकडून प्रत्येकी ६,००० रुपये गोळा झाले होते. सेक्रेटरींनी कॉम्प्युटरवरून काढलेली यादी वाटली. वर एकूण जमा २,३४,०००, खाली नावं मात्र बत्तीसच. एका गृहस्थांनी तिथल्या तिथे बेरीज मांडली. ती भरली १,९२,०००. "मग वरचे बेचाळीस हजार कुणाचे?" तेवढ्यात यादीत नाव नसलेले आठ जण उभे राहिले. आठही जणांनी पैसे रोख दिले होते, बाईंच्या हातात, आणि पावत्या त्यांच्याकडे होत्या. पुढे कुणी काही बोललं नाही. पण सभेत न बोलता जे बोललं जातं, ते बाईंना ऐकू गेलं.

मी १९८१ साली बँकेत लागलो तेव्हा खतावण्या हातानेच लिहीत. महिनाअखेरीस ताळा जमेना, की आमचे हेडक्लार्क दोन गोष्टी सांगत. फरकाला नवाने भाग जातो का पाहा. जात असेल तर ६३चे ३६ झाले असतील. नाहीतर फरक निम्मा करा; तेवढ्या रकमेची नोंद सापडली, तर जमेची रक्कम नावे पडली असेल. बेचाळीस हजारांना नवाने भाग जात नाही आणि एकवीस हजारांची नोंदच नव्हती. पण एक गोष्ट खटकली. बेचाळीस हजार म्हणजे सात वर्गण्या, आणि तक्रार करणारे आठ! म्हणजे चुका एकीपेक्षा जास्त होत्या.

रात्री सेक्रेटरींकडे बसून एक्सेलची फाईल उघडली. डावीकडचे ओळींचे क्रमांक निळे दिसत होते आणि मध्येच तुटलेले, सातनंतर एकदम नऊ. फिल्टर चालू असल्याची ही खूण. पासबुकाशी ताळा घेण्यासाठी सेक्रेटरींनी फक्त चेकच्या नोंदी गाळून घेतल्या होत्या आणि फिल्टर काढायचा राहून गेला. रोखीवाले आठ जण पुसले गेले नव्हते, नुसते दडले होते. वरची बेरीज मात्र 'सम' या सूत्राची. 'सम'ला गाळणी कळत नाही. दडलेल्या ओळीही ते धरतं.

फिल्टर काढला. चाळीस नावं दिसली, बेरीज तरी २,३४,०००च. पावतीपुस्तक सांगत होतं २,४०,०००. मग रकाना वरून खाली तपासत गेलो. सगळे आकडे उजवीकडे टेकलेले, एकच डावीकडे. मोबाईलवरच्या संदेशातून उचलून चिकटवलेले ते सहा हजार एक्सेलच्या लेखी आकडा नव्हताच, नुसता मजकूर होता. आणि मजकुराला 'सम' ओलांडून जातं. तो आकडा म्हणून पुन्हा टाईप केला. ताळा जमला.

घरोघरी आता असे हिशेब होतात, म्हणून सांगतो. गाळलेल्या यादीची बेरीज हवी असेल तर 'सम'ऐवजी 'सबटोटल' वापरावं. त्यात आधी ९ लिहिलं की गाळून उरलेल्या ओळींचीच बेरीज येते. हाताने दडवलेल्या ओळीही वगळायच्या तर १०९. शेजारी ३ घालून नोंदींची संख्याही घ्यावी. आणि छापील यादीच्या माथ्यावर स्पष्ट लिहावं, 'फक्त चेकच्या नोंदी'.

दुसऱ्या दिवशी नवी यादी फलकावर लागली. सभेतल्या त्या गृहस्थांनी बाईंना चहाला बोलावलं. चुकलं, असं काही म्हणाले नाहीत. कॉम्प्युटरने विचारलं तेवढंच सांगितलं होतं. कागद तपासण्याआधी माणसाकडे संशयाने पाहिलं, ते आम्ही.

बाईंनी खजिनदारपद सोडलं नाही. पण आता कुणी नोटा पुढे केल्या, की हात मागे घेतात आणि म्हणतात, "चेक द्या."