मोडीचे रुमाल आणि वाचणारे यंत्र

तंजावरच्या उत्तरेस काही कोसांवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु हे गाव आहे. पाच नद्यांचे गाव असा त्या नावाचा अर्थ. संगीताच्या रसिकांना ते त्यागराजांच्या समाधीमुळे परिचित असते. पौष वद्य पंचमीस तेथे होणारी आराधना आकाशवाणीवरून देशभर ऐकली जाते. परंतु मराठी इतिहासाशी निगडित अशी आणखी एक वास्तू याच गावात आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. कल्याण महाल हे तिचे नाव. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांच्याशी ज्यांचा रीतसर विवाह झाला नव्हता, परंतु ज्यांचे आयुष्य राजवाड्याशी बांधले गेले होते, अशा स्त्रियांच्या निवासाशी या महालाचे नाव जोडलेले आहे.

दरबाराशी संबंधित अशा स्त्रियांचा मागमूस तंजावरच्या मोडी कागदांत राहिला आहे. दवेश सोनेजी यांनी देवदासींच्या स्मृतींवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात या जगाचा साक्षेपाने शोध घेतला आहे. ज्या कारकुनांनी या नोंदी केल्या त्यांनी त्या हिशेबासाठी केल्या. दोनशे वर्षांनी त्या कोणी वाचील, हे त्यांच्या स्वप्नातही नसावे. आणि ज्या स्त्रियांविषयी त्या आहेत, त्यांना तर कोणी विचारलेच नव्हते.

हे कागद सार्वजनिक झाले ते कसे, हाही एक विलक्षण प्रकार आहे. १८५५ साली दुसरे शिवाजी पुत्रावाचून वारले आणि ईस्ट इंडिया कंपनीने राज्याबरोबर राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. ही राज्यसत्तेची कृती आहे, तिच्यात न्यायालयाला शिरता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. राज्य कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, हा प्रश्न तेव्हा अशा रीतीने मिटवण्यात आला. पुढे १९१८ साली राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय लोकांस खुले झाले. तेथील मोडी कागदांचे रुमाल शेकड्यांनी मोजावे लागतात. त्यांत चक्रम आणि पणम या नाण्यांत मांडलेले जमाखर्च आहेत, छत्रांच्या अन्नदानाचे हिशेब आहेत, गायक-नर्तकींना दिलेली बिदागी आहे. सरफोजींच्या धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर उपचार होत. त्या रोग्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही याच ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे काही भाग तमिळमध्ये भाषांतरित करून छापले. तरीही न वाचलेले पुष्कळ उरले आहे.

ते उरले याचे कारण लिपी. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे वळवीत जात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणून ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच दिसतात. शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नाही. म्हणून ‘हे घर कामाचे’ की ‘हे घरकामाचे’, हे मागचापुढचा मजकूर पाहून ठरवावे लागते. त्यातून तंजावरची मराठी तमिळ आणि तेलुगू शब्दांनी भरलेली. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली आणि ती वाचणारे हात मोजता येतील इतके राहिले. कपाट उघडे होते. पण कपाटातला कागद जवळजवळ बंदच होता.

या बंद कागदाला आता संगणक हात घालू लागला आहे. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी अक्षरांना स्थान मिळाले, म्हणजे संगणकावर मोडी लिहिता व साठवता येण्याची सोय झाली. लिहिण्यापेक्षा वाचणे अवघड. जुन्या आज्ञावली आधी ओळीचे तुकडे करीत आणि एकेक अक्षर ओळखू पाहत. पण मोडीची अक्षरे एकमेकांच्या हातात हात घालून चालतात, त्यांचे तुकडे नीट पडत नाहीत. नवी पद्धत निराळी आहे. कागदाचे छायाचित्र आणि जाणकाराने केलेले त्याचे देवनागरी रूप अशा जोड्या यंत्रापुढे पुन्हा पुन्हा ठेवल्या जातात आणि सबंध चित्रावरून सबंध मजकूर सांगण्याची सवय त्याला लावली जाते. रुरकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका गटाने अशा २,०४३ चित्रांचा संच तयार केला आणि त्यावर बेतलेली वाचनपद्धती २०२५ साली प्रसिद्ध केली. संख्या लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

याचे स्वागत कोण करणार नाही? मोडीच्या अडचणीचा भुर्दंड सामान्य माणसाने किती भरला आहे, हे महाराष्ट्रात २०२३ साली दिसून आले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तालुक्या-तालुक्यांतील दप्तरे उघडली. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या बाहेर आल्या. त्या वाचणारे मात्र मिळेनात. ज्याला पणजोबाची एक ओळ हवी आहे, त्याच्या दृष्टीने न वाचता येणारा कागद आणि जळून गेलेला कागद यांत फरक नाही. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या, आणि अनेकांची पायपीट त्यामुळे वाचली.

पण त्याच नोंदवहीत शेजारच्या ओळीवर दुसऱ्याच्या पणजोबाची जात आहे, मृत्यूचे कारण आहे, एखाद्या मुलाच्या नावापुढे बापाची रिकामी जागाही असू शकते. आजवर ही ओळ पाहायची तर तालुक्याला जावे लागे, अर्ज करावा लागे, मोडी वाचणारा गाठावा लागे. एवढे कष्ट माणूस गरजेपोटी करतो. निव्वळ कुचाळकीसाठी सहसा करीत नाही. हा आडपडदा कोणी कायद्याने घातलेला नव्हता. श्रमानेच तो घातला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एका निकालात नेमके हेच ओळखले: देशभर विखुरलेले कागद आणि त्यांतून एका माणसाविषयी एकत्र केलेला गोषवारा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, सुटे कागद प्रत्येकी सार्वजनिक असले तरीही. यंत्र वाचते यापेक्षा ते नावाने शोधू देते, हा बदल मोठा आहे. आडनाव लिहावे, कळ दाबावी, आणि तीन पिढ्या पडद्यावर याव्यात.

नेदरलँड्समध्ये याची परीक्षा झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केल्याचा ज्यांच्यावर संशय होता अशा सुमारे ४,२५,००० माणसांच्या खटल्यांचे दप्तर १ जानेवारी २०२५ रोजी मुदत संपून खुले झाले. सगळे कागद संकेतस्थळावर, शोधता येतील अशा रूपात, ठेवण्याचा बेत होता. परंतु तेथील खासगी माहितीच्या रक्षक संस्थेने आक्षेप घेतला आणि तूर्त नावांची सूचीच प्रसिद्ध झाली. त्या कागदांत केवळ आरोपी नव्हते. साक्षीदार होते, बळी पडलेले होते, आणि कित्येकांवरचे आरोप सिद्धही झाले नव्हते. अमेरिकेत जनगणनेचे कागद बहात्तर वर्षांनी खुले होतात. १९५०चे कागद २०२२ साली खुले झाले तेव्हा हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्राने केलेली नावांची सूची सोबत दिली होती. चुका मात्र वाचकांनी सुधाराव्यात, अशी सोयही होती.

आपल्याकडे काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात एक लहानसे, पण दप्तरखान्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम आहे: कागदावर गोळा केलेली आणि नंतर संगणकात उतरवलेली माहितीही या कायद्याखाली येते. संशोधन आणि दप्तरजतन यांना सवलत आहे. मात्र त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीसंबंधी निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेली पथ्ये पाळली जावीत, अशी अट आहे. कुणबी नोंदीचा तर उपयोगच व्यक्तीचा निर्णय घेण्यासाठी होतो. अशा दप्तराला संशोधनाच्या सवलतीचे छत्र पुरे पडणार नाही, हे उघड दिसते. मृत व्यक्तींविषयी मात्र हा कायदा जवळपास मौन बाळगतो. तिरुवैयारुच्या महालातील एखाद्या स्त्रीचे नाव उद्या शोधखिडकीत आले, तर तिच्या वतीने बोलायला कायद्यात कोणी नाही. तिच्या वंशात जन्मलेले कोणी आज असतील, तर त्यांना ते नाव अभिमानाने मिरवायचे आहे की मुकाट राहायचे आहे, हे ठरवण्याची संधी निदान त्यांना मिळावयास हवी.

म्हणून कागद वाचूच नयेत, असे म्हणणे वेडेपणाचे होईल. कसर लिपी पाहून खात नाही. छत्रांचे हिशेब, धान्याचे भाव, बांधकामाचा खर्च, बिदागीच्या याद्या हे सारे यंत्राने वाचावे आणि उद्याच सर्वांपुढे ठेवावे. रोग्यांच्या नोंदी, घरातील स्त्रियांच्या नोंदी, जातीच्या आणि जन्माच्या नोंदी वाचाव्यात, पण नावाने शोधण्याची सोय त्यांना सरसकट देऊ नये. ती किती वर्षांनी आणि कोणाला द्यायची, हे दप्तर उघडण्यापूर्वी ठरवावे. छायाचित्रे एकदा सर्वत्र पोचली म्हणजे मागाहून ठरवण्यासारखे काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट तंत्रज्ञांकडून मागून घेतली पाहिजे. मोडीचा जुना जाणकार अडला की समासात प्रश्नचिन्ह करतो. यंत्राचा मजकूर मात्र छापल्यासारखा स्वच्छ येतो, चुकलेला शब्दही तितकाच स्वच्छ. जेथे एका वेलांटीवरून माणूस बदलतो आणि एका अक्षरावरून जात, तेथे देवनागरी मजकुराशेजारी मूळ कागदाचे चित्र असावे, आणि यंत्राला ज्या अक्षराची खात्री नाही ते अक्षर निराळ्या शाईत उमटावे.