बेने इस्रायलांचें मराठी कीर्तन

कीर्तन म्हटलें म्हणजे भंडाऱ्याकडील खेड्यांतही बुवा, झांजा, मृदंग आणि हरिकथा डोळ्यांपुढें येते. हेंच कीर्तन यहुदी मंडळी मराठींतून करीत, व त्यांत आख्यान असे अब्राहामाचें, योसेफाचें किंवा मोशेचें, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

ही मंडळी म्हणजे कोंकणांतील बेने इस्रायल. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. तेल गाळणें हा त्यांचा धंदा. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा ते विसरले होते. ‘शेमा’ हें ईश्वराच्या एकत्वाचें वचन, शनिवारचा विसांवा, सुंता व कांहीं सण, एवढेंच काय तें उरलें होतें. पुढें १७९६ सालीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर झालें. कोचीनच्या यहुदी शिक्षकांनीं प्रार्थना व त्यांच्या चाली शिकविल्या.

प्रार्थनामंदिरांतील गायनाची रीत निराळी आहे. यरुशलेमचें मंदिर इ. स. ७० मध्यें उध्वस्त झालें व तेथील लेवी लोकांचें वाद्यसंगीत थांबलें. तेव्हांपासून परंपरानिष्ठ यहुदी शब्बाथच्या उपासनेंत वाद्य वाजवीत नाहींत. सर्व भार मानवी कंठावर. धर्मग्रंथ वाचतांनाही तो ठराविक स्वरांत म्हणतात, व ते स्वर दर्शविणाऱ्या खुणा पाठ करून ठेवाव्या लागतात.

परंतु बायकामुलांस हिब्रू कळेना. स्वतःच्याच पूर्वजांची कथा अनोळखी भाषेंत ऐकावयाची, ही मोठी अडचण होती. बायबलाचीं मराठी भाषांतरें मिशनऱ्यांनीं उपलब्ध केलीं होतीं, पण त्यांबरोबर धर्मांतराचा आग्रहही येई. १८८० च्या सुमारास मुंबईंतील कांहीं बेने इस्रायल गृहस्थांनीं हरिदासांची पद्धति उचलली. साकी, दिंडी, ओवी, आर्या हीं वृत्तें तींच; मध्यें निरूपण; साथीस पेटी व तबला. उपासनेबाहेरचा हा कार्यक्रम असल्यामुळें वाद्यांची आडकाठी नव्हती. योसेफास भावांनीं विकल्याचा प्रसंग मराठी चालींत ऐकतांना मुलास आपला धर्म प्रथमच आपल्या भाषेंत समजे. उसन्या चालीनें धर्म बाटला असें म्हणणें म्हणूनच उतावीळपणाचें ठरेल.

घरोघरचा मलिदाही असाच. भिजविलेले पोहे, गूळ व ओलें खोबरें एकत्र करून फळांसह ताटांत मांडतात आणि एलिया प्रेषिताचें हिब्रू गीत म्हणतात. ताट अस्सल कोंकणी, गीत मात्र जगभरच्या यहुद्यांचें.

१९४८ सालीं इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं. तेथील कांहीं धर्मगुरूंनीं त्यांच्या विवाहांविषयीं शंका काढल्या. ज्यांनीं शतकानुशतकें शनिवारीं घाणा फिरूं दिला नाहीं, त्यांनाच यहुदीपणाचा पुरावा मागितला गेला. निदर्शनें झालीं, व १९६४ सालीं त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली.

कीर्तनाची प्रथा मात्र मागें पडली. जीं पदें उरलीं, तीं मुख्यतः वृद्ध स्त्रियांच्या कंठांत व त्यांच्या वह्यांत. इस्रायलांत वाढलेल्या नातवंडांची भाषा हिब्रू. त्यांना साकींतल्या मराठी शब्दांचा अर्थ आजीनें हिब्रूंत फोडून सांगावा लागतो.