इंग्रजीतला ‘फिअर’ आणि आपली भीती

शाळेतल्या एखाद्या मुलाला ‘फिअर’ म्हणजे काय असे विचारा. ‘भीती’ असे उत्तर तो चटकन देईल. उत्तर बरोबर आहे. पण एवढ्या एका प्रतिशब्दावर पुढे निभत नाही. समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या घरी कचेरीतून इंग्रजी पत्र आले. त्यात लिहिले आहे, ‘आय ॲम अफ्रेड युवर ॲप्लिकेशन इज लेट.’ घरातला शिकता मुलगा वाचून सांगतो, ‘आबा, तुमच्या अर्जाला उशीर झाला म्हणून साहेबांना भीती वाटते.’ आबा म्हणतात, ‘साहेबाला काळजी आहे, म्हणजे काम होईल.’ आणि ते स्वस्थ बसतात! वास्तविक पत्राचा अर्थ असा, की ‘दिलगीर आहे, पण तुमचा अर्ज मुदतीनंतर पोचला.’ नकार किंवा वाईट बातमी सांगताना तिची धार कमी करण्यासाठी इंग्रजी माणूस ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणतो. तेथे भीतीचा संबंध नसतो. शब्दाचा अर्थ बरोबर लागला, पण वाक्याचा हुकला, तर दाद मागायची मुदतही हुकायची. म्हणून हा शब्द नीट ओळखून घेऊ.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘फिअर’चे जे जुने रूप होते, त्याचा अर्थ मनातली भावना असा नव्हता. अचानक कोसळणारे संकट, अवचित घातलेला घाला, असा तो अर्थ होता. पुढे संकटाचे नाव त्या संकटाने मनात उठणाऱ्या भावनेला मिळाले. जर्मन ही इंग्रजीची भाऊबंद भाषा. तिच्यात याच कुळातला ‘गेफार’ हा शब्द आजही धोका याच अर्थाने वापरतात. ‘अफ्रेड’ हा मात्र ‘फिअर’चा नातेवाईक नव्हे. तो फ्रेंचवाटे आला आणि त्याच्या मुळाशी ‘शांततेतून बाहेर काढणे’ ही कल्पना आहे. ज्याची शांतता मोडली, तो अफ्रेड.

आता वापर पाहू. गुरुजींनी हे फळ्यावर लिहून द्यावे. ‘फिअर’ नामही आहे आणि क्रियापदही. पण रोजच्या बोलण्यात ‘आय फिअर डॉग्ज’ यापेक्षा ‘आय ॲम अफ्रेड ऑफ डॉग्ज’ हेच अधिक चालते. येथे मुले हमखास अडखळतात. संस्कृतात भीतीच्या कारणाला पंचमी लागते, हिंदीत ‘से’ येतो. म्हणून कोणी ‘अफ्रेड फ्रॉम’ लिहितो. मराठीत ‘वाघाला भितो’ म्हणतात, म्हणून कोणी ‘अफ्रेड टू टायगर’ लिहितो. यावर सोपा उपाय म्हणजे मुलांना ‘वाघाची भीती’ आठवायला सांगावे. जेथे मराठीत ‘ची’, तेथे इंग्रजीत ‘ऑफ’. ‘टू’ येतो तो क्रियापदाच्या आधी: ‘अफ्रेड टू गो’, म्हणजे जायला भितो.

‘फॉर फिअर ऑफ’ म्हणजे अमुक होईल म्हणून. ‘ही कव्हर्ड द ग्रेन फॉर फिअर ऑफ रेन’, म्हणजे पाऊस येईल म्हणून त्याने धान्य झाकले. ‘नो फिअर!’ हे बोलण्यातले उत्तर. त्याचा अर्थ ‘छे, मुळीच नाही!’ ‘फिअरफुल’ला दोन तोंडे आहेत: भ्यालेला आणि भयंकर. कोणता घ्यायचा, ते वाक्यच सांगते. आणि ‘गॉड-फिअरिंग’ म्हणजे आपला पापभीरू माणूस. तो देवाला घाबरून लपत नाही, देवाला स्मरून सरळ वागतो.

आपल्या मराठीत भीतीचे किती प्रकार आहेत पाहा. बैल बुजतो, मूल दचकते. वडीलधाऱ्यांचा धाक असतो, पोलिसांचा वचक असतो. पावसाने ताण दिला की दुष्काळाची धास्ती लागते, आणि गुंडांची दहशत बसते. इंग्रजीतही अशी वाटणी आहे. ‘फ्राइट’ म्हणजे क्षणाचा दचका, ‘ड्रेड’ म्हणजे येणाऱ्या गोष्टीची धास्ती, ‘टेरर’ म्हणजे दहशत. ‘पॅनिक’ म्हणजे घबराट. हा शब्द ग्रीकांच्या पॅन या देवावरून आला. पॅन हा मेंढपाळांचा देव. कळप विनाकारण उधळला, की हे पॅनचे काम असे ते लोक म्हणत.

भीतीला ग्रीक शब्द ‘फोबोस’. त्यावरून ‘हायड्रोफोबिया’, म्हणजे जलभीती, हे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्याने होणाऱ्या रोगाचे नाव पडले. रोगी पाणी गिळू लागला, की त्याच्या घशाचे स्नायू जोराने आवळतात, म्हणून तो पाण्याला भितो. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. तेव्हा कुत्रा चावताच जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. एवढी भीती बाळगलेली बरी!

आपल्या राज्यघटनेतही हा शब्द आहे. मंत्री आणि न्यायाधीश शपथ घेतात, तिच्या इंग्रजी मसुद्यात ‘विदाउट फिअर ऑर फेव्हर’ असे शब्द आहेत. मराठीत आपण ऐकतो ते ‘निर्भयपणे व निःपक्षपातीपणे’. ‘फेव्हर’ म्हणजे मर्जी. न्याय दोन वाटांनी बिघडतो, कोणाच्या भीतीने किंवा कोणाच्या मर्जीने. म्हणून हे दोन शब्द जोडीने आले.

गुरुजींसाठी शेवटचा मुद्दा. 2009 साली झालेला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करतो. त्याच्या 29व्या कलमात मूल भीतीपासून मुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, असे सांगितले आहे. कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात तेथे ‘फिअर’ हाच शब्द आहे. पुष्कळजण म्हणतात, धाक नसेल तर शिस्त कशी राहायची? प्रश्न रास्त आहे. पण धाकाने मूल गप्प बसते, आणि भाषा तर तोंड उघडल्याशिवाय येत नाही. चुकले तर हसतील, मार बसेल, या भीतीने जो मुलगा वर्गात एकही इंग्रजी वाक्य बोलत नाही, त्याला व्याकरणाचे नियम पाठ असून काय उपयोग? त्याची चूक ऐकून घ्यावी, बरोबर रूप सांगावे, आणि पुन्हा बोलू द्यावे. ‘फिअरलेस’ हा शब्द त्याला कोशात शोधावा लागणार नाही.