जमैकाचे होमेरस

होमेरस स्वॅलोटेल हे पश्चिम गोलार्धातले सर्वांत मोठे फुलपाखरू मानले जाते. पंखविस्तार साधारण १५ सेंटिमीटर, काळपट तपकिरी पंखांवर रुंद पिवळा पट्टा आणि मागच्या पंखांवर निळसर ठिपके. कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटाखेरीज ते कुठेच आढळत नाही. १७९३ साली फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली. शास्त्रीय नाव पॅपिलिओ होमेरस. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही याच पॅपिलिओ गटातले.

एके काळी बेटाच्या बऱ्याच भागांत दिसणारे होमेरस आता दोनच ठिकाणी उरले आहे: पूर्वेला ब्लू आणि जॉन क्रो पर्वतरांगांत, पश्चिमेला कॉकपिट कंट्री या चुनखडीच्या टेकड्यांच्या प्रदेशात. मधल्या भागातले जंगल तुटल्याने या दोन वस्त्यांचा एकमेकींशी संबंध राहिलेला नाही. पश्चिमेकडची वस्ती फारच लहान आहे.

अडचणीचे मूळ अळीच्या खाण्यात आहे. मादी हर्नांडिया या झाडांच्या पानांवर एकेक अंडे घालते, आणि अळी तीच पाने खाऊन वाढते. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाली की हिरवी होते आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके येतात. पण अंड्याला असले सोंग घेता येत नाही. अगदी बारीक परजीवी गांधीलमाश्या त्यातच आपली अंडी घालतात आणि बरीच अंडी अळी बाहेर पडण्याआधीच संपतात. जी वाचतात, त्यांना दमट, दाट जंगल लागते.

हे जंगल कॉफीच्या मळ्यांसाठी, पाइनच्या लागवडीसाठी आणि शेतीसाठी तोडले गेले. संग्राहकांनीही या फुलपाखरासाठी चांगले पैसे मोजले. आता जमैकात त्याला कायद्याचे संरक्षण आहे, ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात नाव असल्याने आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला संकटग्रस्त ठरवले आहे. मात्र व्यापारबंदीने हर्नांडियाचे एकही झाड वाचत नाही, आणि खरा प्रश्न झाडाचाच आहे. त्या दृष्टीने पूर्वेकडची स्थिती बरी म्हणावी लागेल, कारण तिथल्या पर्वतरांगा २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. कॉकपिट कंट्रीच्या संरक्षित क्षेत्राची सीमा सरकारने २०१७ मध्ये जाहीर केली. तिथे जमिनीखाली बॉक्साइट आहे, त्यामुळे खाणकाम कुठवर येऊ द्यायचे, हा वाद जुनाच आहे.