न शिवता हलणारा पडदा

ओसाकाला नोकरी करणारा माझा मावसभाऊ काही वर्षांपूर्वी सुट्टीवर आला, तेव्हा तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेला एक हेडफोन त्यानं माझ्या हातात ठेवला. स्टॅक्स कंपनीचा. केबल पट्टीसारखी रुंद आणि चपटी. टोकाला आपल्या ओळखीची पिन नव्हती; रेडिओच्या व्हॉल्व्हला बुडाशी असतात तशा पाच दांड्यांची गोल खुंटी होती. घरातल्या कुठल्याच यंत्रात ती बसेना. तिला लागणारी ड्रायव्हर पेटी त्यानं आणली नव्हती, कारण ती जड होती आणि जपानमधल्या १०० व्होल्टच्या विजेवर चालणारी होती.

तर हेडफोन आला आणि पेटी राहिली. ती पेटी मी घरी बांधली. चौदा महिन्यांचे रविवार त्यात गेले, आणि त्यातला एकही वाया गेला असं मला वाटत नाही.

आपण रोज वापरतो त्या हेडफोनमध्ये पडद्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं. ते लोहचुंबकाच्या खाचेत मागेपुढे होतं आणि पडद्याला ढकलतं. स्टॅक्सच्या हेडफोनमध्ये वेटोळं नाही, चुंबकही नाही. एक-दीड मायक्रॉन जाडीची प्लॅस्टिकची फिल्म ताणून बसवलेली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना, सुमारे अर्ध्या मिलिमीटरवर, भोकं पाडलेले धातूचे दोन पत्रे आहेत. फिल्मवर ५८० व्होल्टचा स्थिर विद्युतभार ठेवायचा आणि पत्र्यांना गाण्याचा विद्युतदाब द्यायचा, एकाला सुलट, दुसऱ्याला उलट. एक पत्रा फिल्मला ओढतो, दुसरा लोटतो. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो, तोच हा खेळ, फक्त सेकंदाला हजारो वेळा आणि विलक्षण शिस्तीत.

या रचनेवर माझा जीव जडला तो एका हिशेबामुळे. दीड मायक्रॉनच्या फिल्मचं वजन काढलं, तर ते तेवढ्याच क्षेत्रफळाच्या आणि जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या हवेच्या थराइतकं भरतं. म्हणजे पडदा समोरच्या हवेइतकाच हलका. त्याला कुणी शिवत नाही, आणि ढकलायचं तर मधून नाही, कडेनं नाही, सगळ्या पृष्ठभागावर एकसारखं. जड वस्तूला हलवावं लागतं, आणि हलू लागली की थांबवावंही लागतं. इथे थांबवायला फारसं काही नाहीच.

स्टॅक्सची सुरुवात १९३८ची, ‘शोवा कोऑन कोग्यो’ या नावानं. १९६०च्या सुमारास त्यांनी एसआर-१ हा आपला पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन विकायला काढला आणि त्याला हेडफोन न म्हणता ‘इअरस्पीकर’ म्हटलं; आजही ते तसंच म्हणतात. त्याच्या थोडंच आधी, १९५७मध्ये, इंग्लंडच्या क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक लाउडस्पीकर बाजारात आला होता. त्यामागच्या पीटर वॉकर यांनी एक गोष्ट नीट ओळखली होती. पडद्यावरचा भार कायम ठेवता आला, तर पडदा मध्ये असो की एका बाजूला सरकलेला, त्याच्यावरचा जोर फक्त गाण्याच्या विद्युतदाबावर ठरतो, आणि मग आवाज विद्रूप होत नाही. भार कायम ठेवायची युक्ती अगदी साधी आहे. तो पडद्यापर्यंत एका प्रचंड रोधातून पाठवायचा. माझ्या पेटीत तो ५० लाख ओहमचा आहे. एवढ्या चिंचोळ्या वाटेनं भार हळूहळू आत येतो, आणि स्वराच्या एका कंपनात बाहेर पळायला त्याला फारशी सवड मिळत नाही. हा रोध पुढे मला चांगलाच चकवणार होता.

आता पेटीकडे वळू. ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला एक मिलिवॉट द्यायला ०.१८ व्होल्ट पुरतात. या हेडफोनला भरपूर मोठ्या आवाजासाठी १०० व्होल्ट लागतात, आणि ताशाच्या एका थापेला त्याच्या कितीतरी पट. म्हणून मी अधिक ४०० आणि उणे ४०० व्होल्टचा पुरवठा निवडला. गंमत अशी की इतका दाब मागणारा हा प्राणी प्रवाह जवळपास मागतच नाही. विजेच्या दृष्टीनं तो म्हणजे १२० पिकोफॅरडचा एक बारकासा कपॅसिटर. एक किलोहर्ट्झच्या स्वराला तो १३ लाख ओहमसारखा वागतो. पण स्वर चढत गेला की हा आकडा उतरत जातो, आणि २० किलोहर्ट्झला ६६ हजारांवर येतो. तिथे पूर्ण दाब द्यायचा म्हटला तर सुमारे १२ मिलिअँपिअर लागतात. गाण्यात अशी वेळ क्वचितच येते; पण ज्या क्षणी येईल त्या क्षणी प्रवाह हजर हवा. म्हणून शेवटच्या चारही टप्प्यांतून (दोन कान, प्रत्येकी दोन पत्रे), गाणं चालू असो वा नसो, १५ मिलिअँपिअर अखंड वाहत ठेवले आहेत. ८०० व्होल्ट, चार टप्पे, १५ मिलिअँपिअर: ४८ वॅट. पडद्यापर्यंत त्यातलं जवळपास काहीच पोचत नाही. जवळपास सगळं हीटसिंकवर उष्णता होऊन बसतं. थंडीत आमची मांजर त्या पेटीशेजारीच झोपते.

एवढा दाब पेलणारे भाग जमवणं हे वेगळंच प्रकरण. पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते तोवर हजार-बाराशे व्होल्ट सहन करणारे ट्रान्झिस्टर सर्रास बनत असत, कारण ट्यूबला ते लागत. ट्यूब गेली आणि तिच्यामागोमाग त्यातले बरेचसे भागही बंद पडले. उरलेल्यांच्या नावावर नकली माल फिरतो. मी घेतलेल्या पहिल्या बारापैकी पाच, नुसते तपासायला ६०० व्होल्टवर लावले तेव्हाच, फुटले. आराखड्याची अडचण मात्र नव्हती. अमेरिकेतले केविन गिलमोर यांनी आपले इलेक्ट्रोस्टॅटिक अॅम्प्लिफायरचे आराखडे हौशी माणसांसाठी खुले ठेवले. त्यातल्या ‘ब्लू हवाई’मध्ये ईएल३४ व्हॉल्व्ह आहेत आणि ‘केजीएसएसएचव्ही’ पूर्ण ट्रान्झिस्टरवर आहे. जगभर कित्येक घरांत त्यांच्या रेघोट्यांवरून पेट्या उभ्या राहिल्या. माझीही त्यांच्याच घराण्यातली, दाब जरा कमी ठेवलेली.

बाकीचं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडनं पुरवलं. ट्रान्सफॉर्मर एका वाइंडिंगवाल्या काकांकडून टोरॉइडवर गुंडाळून घेतला. “चारशे व्होल्ट दोनदा? व्हॉल्व्हचा रेडिओ करताय का?” त्यांनी विचारलं. मी हेडफोन म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, आणि दोन गुंडाळ्यांमध्ये इन्सुलेशनचे दोन थर जास्तीचे घातले. पैसे वाढवले नाहीत.

छोट्या गोष्टींनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. पाव वॅटचा मेटल फिल्म रेझिस्टर आपण वॅट बघून निवडतो. पण त्याला दाबाचीही मर्यादा असते, बहुधा २५० व्होल्ट. ४०० व्होल्टच्या जागी तो वॅटच्या हिशेबात बसतो आणि तरीही काही महिन्यांनी मरतो. म्हणून तीन-तीन एका ओळीत लावायचे. डाख टोकदार राहू द्यायचा नाही, गुळगुळीत मण्यासारखा करायचा; टोकापाशी विद्युतक्षेत्र गोळा होतं आणि तिथूनच ठिणगीची वाट सुरू होते. बोर्डावरच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांमधलं अंतर आधी डोळ्यांनी मोजायचं, मग पट्टीनं.

आणि भीती. भीती इथे अवजारासारखी वापरावी लागते. जुन्या रेडिओ मेकॅनिकांचा नियम होता, चालू यंत्रात हात घालायचा तर दुसरा हात खिशात, म्हणजे प्रवाहाला छातीतून जायला वाट मिळत नाही. मी त्याच्याही पुढे जाऊन चालू यंत्रात हात घालायचाच नाही असं ठरवलं. मीटरच्या वायरी आधी क्लिपनं लावायच्या, झाकण बसवायचं, मग बटण दाबायचं. पहिल्यांदा वीज दिली ती सिरीज बोर्डावरून, १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब मध्ये घालून, आणि तीही डिमरस्टॅटनं अंगुळ-अंगुळ चढवत. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि पेटी वाचते. माझा बल्ब क्षणभर उजळला, कपॅसिटर भरले तसा निवळला, मग मंद लालसर राहिला. त्या रात्री मला तेवढंच पुष्कळ होतं.

बटण बंद केल्यावरही धोका संपत नाही. माझ्या पुरवठ्यात ४७० मायक्रोफॅरडचे दोन मोठे कपॅसिटर आहेत, रेग्युलेटरच्या अलीकडे, प्रत्येकी ४५० व्होल्टवर. एकेकात साडेसत्तेचाळीस ज्यूल ऊर्जा साठते. सगळं सुरळीत असेल तर अॅम्प्लिफायरच ती काही सेकंदांत पिऊन टाकतो. पण पेटी उघडायची वेळ येते ती बिघाड झाल्यावरच, आणि कुठेतरी वाट तुटलेली असेल तर तो साठा तसाच दबा धरून बसतो. म्हणून प्रत्येकावर एक लाख ओहमचा रेझिस्टर कायमचा जोडला आहे. त्यातून ४५० व्होल्ट तीनवर यायला चार मिनिटं लागतात. चार मिनिटं थांबायचं, मग मीटर लावून खात्री करायची, मग स्क्रू काढायचा. या क्रमात आजवर मी एकदाही काटछाट केलेली नाही.

फिल्मवरच्या भारासाठी लागणारा ५८० व्होल्टचा स्थिर दाब, म्हणजे बायस, डायोड-कपॅसिटरच्या शिडीवरून चढवला. १९३२मध्ये केंब्रिजला कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी अणूचं केंद्रक फोडलं तेव्हा लाखो व्होल्ट मिळवायला हीच शिडी वापरली होती. माझ्या टेबलावर तिच्या दोन-तीन पायऱ्याच आल्या. पाच पिनांच्या सॉकेटवर मीटर लावला: ३८७ व्होल्ट. डायोड बदलले, ३८७. कपॅसिटर बदलले, ३८७. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी चहा पिताना उमगलं की मीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओहमचा आहे आणि माझ्या वाटेत ५० लाखांचा बसलाय. मोजायला लावलेला मीटरच दाबाचा तिसरा हिस्सा खाली ओढत होता. ५८०चे दोन तृतीयांश, ३८७. शिडी पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

तो आकडा मी पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवला, आणि पहिल्याच पावसाळ्यात तो उपयोगी पडला. जुलैत आवाज दोन्ही कानांत किंचित मंद वाटू लागला. सॉकेटवर मीटर लावला तर ३३१. हिशेब मांडला: कुठून तरी दोन कोटी ओहमच्या वाटेनं भार गळत होता, आणि खरा बायस ४६०च्या आसपास उतरला होता. सॉकेटभोवती डाखाचा फ्लक्स नीट धुतला गेला नव्हता. मुंबईच्या दमट हवेत त्यानं पाणी धरलं आणि वीज तिथून झिरपू लागली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो. तासभर पंख्याखाली वाळवल्यावर मीटर पुन्हा ३८७.

आवाजाबद्दल लिहायचं तर मी नेहमी तानपुऱ्याबद्दलच लिहीन. साध्या हेडफोनवर तो मागे एक भिंत होऊन उभा असतो. इथे त्याची प्रत्येक तार छेडल्याचा क्षण वेगळा कळतो: आधी बोट तारेवरून सुटतं, मग जवारीतून सुरांची एकेक कड उलगडत वर जाते, आणि पुढची तार छेडली तरी मागची विझलेली नसते. गायकानं सूर लावण्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो. खोल खर्जाचा धक्का मात्र साधा हेडफोनही चांगला देतो, आणि तबल्याच्या डग्ग्यासाठी मी अजून कधीकधी तोच उचलतो.

रात्री ऐकून झालं की मी गाणं थांबवत नाही, आधी पेटीचं बटण बंद करतो. दिवा विझतो. कपॅसिटरमध्ये उरलेल्यावर तानपुरा अजून दोन-तीन सेकंद वाजतो, मग त्याचा आवाज खरखरीत होतो आणि विरतो. हेडफोन खुंटीला टांगतो तेव्हा पेटी कोमट असते, आणि मांजर तिला टेकून झोपलेली असते.